समजा माल

त्या कारखान्यात माल दोन प्रकारचा असायचा. एक 'आहे माल' आणि दुसरा 'समजा माल'. आहे माल म्हणजे गोदामात फळीवर रचलेला, हात लावला तर बोटांना पांढरी पूड लागेल असा. समजा माल म्हणजे भट्टीत असलेला, भट्टीत जायचा असलेला, नाहीतर ज्याची माती अजून वाटेत ट्रकमध्येच आहे असा. हे नाव पडलं भट्टीवाल्या काकांमुळे. त्यांना कधीही विचारा, "काका, पुढची खेप कधी?" काका मनगटानं कपाळाचा घाम पुसत म्हणणार, "झालीच समजा." खेप पुढे तडकून निघो, वाकडी निघो, काकांचं समजा कधी तडकलं नाही.

कारखाना पाणी गाळायच्या कॅंडलचा. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये उभी बसवतात ती पांढरी, पोकळ, वीतभर लांबीची मातीची नळी. माती कालवायची, साच्यात ओतायची, वाळवायची, भट्टीत भाजायची, मग भट्टी तिच्या कलानं निवू द्यायची. आणि सगळ्यात शेवटी एकेक कॅंडल पाण्याच्या टबात बुडवून आतून हवा सोडायची. बुडबुडा आला की कॅंडल बाद. डोळ्यांना दिसणार नाही अशी चीर असते तिला, पण गढूळ पाणी त्या चिरेतून जसंच्या तसं पलीकडे जातं. म्हणून भट्टीत किती भरलं हे कोणीही सांगेल; टबातून सुटणार किती, हे कोणाच्या बापाला सांगता यायचं नाही.

आणि जे कोणाच्या बापाला सांगता येत नाही, ते गिऱ्हाइकांना फोनवर सांगायचं काम तिचं होतं. कागदावर तिचं पद चांगलं लांबलचक होतं. कारखान्यात सगळे तिला वाटपबाई म्हणत. कोणाची मागणी किती, फळीवर माल किती, त्यातलं कोणाला किती आणि कधी, हे तिनं ठरवायचं. म्हणजे पदात तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात ठरवायचे मालक, आणि बोलणी खायची ती.

ती मुळातच काळजी करणारी. मुलगी सव्वा वर्षाची, आणि तिचा खोकला कोरडा, ओला की नुसता लक्ष वेधायचा, हे ती दाराबाहेरून ओळखायची. पाणी गाळलेलं असलं तरी उकळायची, उकळलेलं असलं तरी हुंगायची. नवरा म्हणायचा, "अगं, त्या पाण्यालाही जरा श्वास घेऊ दे." मुलगी दिवसभर शेजारच्या मावशींकडे असायची. मावशींचे गुडघे गेलेले आणि मुलीला नुकतेच पाय फुटलेले. "हिच्यामागे पळायला मला नवे गुडघे भाजून आण तुझ्या भट्टीतून," असं मावशी हसत म्हणायच्या. पण महिनाअखेरपर्यंतच सांभाळेन, पुढे नाही, हे मात्र त्यांनी न हसता सांगितलं होतं.

कारखान्याच्या फाटकाला लागूनच पाळणाघर होतं. स्वच्छ, खिडक्यांना बारीक जाळी लावलेलं. ती येता-जाता त्या जाळीची भोकंसुद्धा बघून ठेवायची. पण तिथे जागा फक्त कायम नोकरीवाल्यांच्या मुलांना, आणि ती अजून कायम नव्हती. मालकांनी मात्र दोनदा तोंडानं सांगितलं होतं, "बाई, तुमचं कायम झालंच समजा." तेव्हा तिला ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नवी माती आली. काकांनी ती चिमटीत चोळली, जिभेला लावली, आणि मान हलवली. होकाराची की नकाराची ते कोणालाच कळलं नाही. त्या मातीची पहिली खेप टबात गेली तर टब नुसता सोडावॉटरसारखा बुडबुडला. निम्म्याहून जास्त माल बाद. दुसरी खेप भट्टीत निवत होती. दुसऱ्या दिवशीशिवाय ती उघडता येणार नव्हती. फळीवर आहे माल उरला होता तो मागणीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका.

सकाळी पहिला फोन प्रसूतिगृहाच्या सिस्टरचा.

"वाटपबाई, मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, झालंच समजा. मी समजले. बाळंतिणीही समजल्या. पाणी काही समजेना."

तिच्या तोंडात 'उद्या' हा शब्द येऊन बसला होता. पलीकडे कोणीतरी नुकतंच जन्मलेलं रडत होतं, ते बारीक, चिरकं, नव्या मालाचं रडणं. तिनं उद्या गिळला.

"तासाभरात फोन करते, सिस्टर. आहे का नाही, तेवढंच सांगेन. तिसरं काही सांगणार नाही."

"बघा हं," सिस्टर म्हणाल्या. "तिसऱ्यावरच चाललंय तुमचं आजवर."

फोन ठेवते तोच मालक आले. मालक तसे वाईट नव्हते. खिशाला दोन पेनं लावायचे, त्यातलं एकच चालायचं, आणि कुठलं ते त्यांना कधी आठवायचं नाही. कोणालाही तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

"घाऊकवाल्यांचा फोन होता," ते म्हणाले. "फळीवरचं सगळं त्यांना. त्यांची गाडी दुपारी येईल."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना भट्टीतलं."

"भट्टीतलं निघेल किती?"

"काका," मालकांनी दाराकडे तोंड करून विचारलं, "खेप कशी आहे?"

"झालीच समजा," काका दारातूनच म्हणाले.

"ऐकलंत?" मालकांनी तिच्याकडे हात केला, जणू माल समोर आणून ठेवला. "सांगून टाका सगळ्यांना. उद्या झालंच समजा म्हणावं."

"साहेब, ते मी नाही सांगणार."

"काय नाही सांगणार?"

"समजा. तो शब्द माझ्या तोंडून आता निघायचा नाही. फळीवर आहे ते वाटते. भट्टीत आहे ते माझ्या लेखी शून्य."

मालकांना ती शिवीच वाटली. "अख्खी भट्टी भरलीय, आणि शून्य?"

"टबातून सुटेपर्यंत शून्य. पोर जन्मायच्या आधी त्याला शाळेत नेऊन बसवता येत नाही."

काकांना हसू फुटलं. त्यांनी ते घाईघाईनं खोकल्यात घातलं.

"घाऊकवाले गेले ना बाई, तर कारखाना बसेल."

"आणि त्यांच्यासाठी बाकी सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली, तर उभा राहील?"

मालकांनी खुर्चीची पाठ धरली. आवाज चढवणं त्यांना जमायचं नाही. राग आला की ते उलट हळू बोलायचे. "तुमचा कायमचा कागद माझ्या टेबलावर पडलाय. नुसत्या सहीचा आहे. लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं. तिच्या डोळ्यांपुढे मावशींचे गुडघे आले, खिडकीची जाळी आली, घरी नवऱ्याला काय सांगायचं तेही येऊन गेलं. 

"कागद तुमच्या टेबलावर आहे, साहेब," ती म्हणाली. "वाटप माझ्या टेबलावर आहे."

मालक दाराकडे वळले. मग म्हणाले, "दुपारी गाडी येईल. त्यात घाऊकवाल्यांचा माल नसला, तर तुमचं तुम्ही बघा." आणि मातीवाल्याला जाब विचारायला निघून गेले.

ती गेली तडक गोदामात. फोन बरोबर घेतला. आज जे काही बोलायचं ते फळीवर हात ठेवून, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. वेडेपणा वाटेल, पण हाताखाली माल असला की जीभ आपोआप सरळ चालते.

पहिला फोन मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना. "बाई, तुम्ही मागितल्यात किती ते बाजूला ठेवा. हा आठवडा निघायला खरंच किती लागतील?"

"खरं सांगू?" रेक्टरबाईंचा आवाज खाली आला. "लागतात निम्म्याच. पण तुम्ही नेहमी निम्मंच पाठवता, म्हणून मी दुप्पट मागते."

"आणि तुम्ही दुप्पट मागता, म्हणून आम्हाला निम्मंच पाठवायला पुरतं."

मग रेक्टरबाईच हसल्या. "म्हणजे आपण इतके दिवस एकमेकींना फसवून उत्तर बरोबर काढत होतो."

तिच्या मनात ते हसू वाजत राहिलं. मालच काय, मागणीसुद्धा समजा होती. इकडून कारखाना खोटं देत होता, म्हणून तिकडचे खोटं मागत होते, आणि ज्याला खरंच तहान होती तो रांगेत सगळ्यांच्या मागे उभा होता, कारण त्याला जास्त मागायचं सुचलं नव्हतं. सिस्टरनं कधी एक कॅंडल जास्तीची मागितली नव्हती.

कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "खरं बोलायचं का धंद्याचं?"

"खरं."

"मग मी थांबतो. चार-दोन द्या नुसत्या मांडायला. फळी रिकामी दिसली की गिऱ्हाईक माल मागायच्या ऐवजी माझं सांत्वन करून जातं."

मग सिस्टर. "एकही कमी चालणार नाही हो," त्या म्हणाल्या. "दोन फिल्टर बंद पडलेत."

"आहे."

"आहे म्हणजे कुठलं आहे?"

"फळीवरचं. हात लावून बोलतेय."

"बरं," सिस्टर म्हणाल्या, आणि त्या 'बरं'मध्ये अख्ख्या प्रसूतिगृहाचा श्वास सुटला.

राहिले घाऊकवाले. त्यांचा फोन लावताना तिनं पदरानं दोनदा कपाळ टिपलं.

"तुम्ही कोण? मालकांना द्या," ते म्हणाले.

"मालक बाहेर आहेत. वाटप मीच करते."

"वाटू नका मग. सगळं पाठवा, वाटपाचं काम उरणार नाही."

"तुमची मागची खेप संपली का?"

"तो माझा प्रश्न आहे."

"म्हणजे गोदामात आहे."

"असेल. टंचाईत माल दाबून नाही ठेवायचा तर कधी ठेवायचा, सुकाळात?"

"मग आज तुमच्या कोणाचं पाणी अडलेलं नाही," ती म्हणाली. "ज्यांचं अडलंय त्यांचं आधी काढलंय. उरलेलं सगळं तुमच्या गाडीत, तुमच्या मागणीच्या चौथाईइतकं जाईल. राहिलेलं टबातून सुटेल तसं. उद्या भट्टी उघडली की मीच फोन करेन, आणि असेल तेच सांगेन."

"आणि नसेल तर?"

"तर नाही म्हणेन."

"नाही म्हणणारा कारखाना मी अजून पाहिला नाही, बाई."

"मग बघायला या," ती म्हणाली. फोन ठेवून ती एका खोक्यावर बसली. खोकं प्रसूतिगृहाचं होतं. ती लगेच उठली.

दुपारी मालक परतले तेव्हा छोटी गाडी खोकी घेऊन फाटकाबाहेर वळत होती, आणि घाऊकवाल्यांची मोठी गाडी बरीचशी रिकामीच उभी होती. त्यांचा चेहरा उतरत गेला. काही बोलणार तोच त्यांचा फोन वाजला. घाऊकवालेच. मालक फोन कानाला लावून वाकले, जसे समोर कोणी असल्यावर वाकतात.

"हो, हो. गैरसमज झालाय. नवीन आहेत बाई. नाही, उद्या सगळं. उद्या झालंच समजा."

तिनं गाडीच्या मागच्या फळीला टेकूनच ऐकलं. आणि मग फोनपलीकडे जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "साहेब, ते 'समजा' आहे. 'आहे' नाही."

अंगणात पाण्याचा नळ चालू होता तोसुद्धा कोणीतरी बंद केला. मालकांनी फोनवर हात ठेवला, पण पलीकडे जायचं ते गेलं होतं.

"भट्टी उघडू दे उद्या," ते अगदी हळू म्हणाले. "मग तुमचंही बघू."

संध्याकाळी मुलीला भरवताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, मुलीच्या गालावरचं शीत काढलं, आणि विचारलं, "सही होईल ना?"

एरवी ती 'होईल' म्हणाली असती. "माहीत नाही," ती म्हणाली. नवऱ्यानं तिच्याकडे जरा बघितलं. "बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "मी आपला 'होईल'वर दोन महिने झोपत होतो."

दुसऱ्या दिवशी काकांनी भट्टीचं दार ओढलं. उरलेली ऊब अंगावर आली आणि पांढऱ्या रांगा दिसल्या, एकसारख्या, देखण्या, दृष्ट लागावी अशा. मालकांचा चेहरा उजळला. "शून्य म्हणे," ते पुटपुटले, आणि बाह्या सरसावून स्वतः टबापाशी बसले.

पहिली कॅंडल बुडबुडली. दुसरी सुटली. तिसरी बुडबुडली, चौथीही. मालकांनी बूड सरकवलं, जसं काही बसण्यातच चूक होती. कॅंडल बुडवायची, पाण्याकडे बघायचं, डाव्या ढिगात टाकायची. अधूनमधून एखादी उजव्या. डावा ढीग वाढता वाढता त्यांच्या गुडघ्याला लागला. ती शेजारी उभी राहून सुटलेल्या मोजत होती आणि तिच्या मनात एकच येत होतं: मालकांचं ऐकलं असतं, तर हा डावा ढीग काल तोंडानं प्रसूतिगृहाला देऊन झाला असता.

"काका," मालकांनी मान वर न करता विचारलं, "पुढच्या खेपेचं काय?"

काकांचं मनगट कपाळाशी गेलं. ओठ सवयीनं हलले. मग त्यांनी डाव्या ढिगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सांगता येत नाही, साहेब," ते म्हणाले. "ही माती अजून माझ्या ओळखीची झाली नाही." इतक्या वर्षांत काकांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा निघालं, आणि सांगून झाल्यावर ते पाठ दुखायची थांबल्यासारखे सरळ उभे राहिले.

फोन वाजला. घाऊकवाल्यांना दम निघाला नव्हता. मालकांनी ओले हात तसेच ठेवून मानेनंच तिला खुणावलं.

"बाई," पलीकडून आवाज आला, "आहे किती ते सांगा."

तिनं सांगितलं.

"हं. आणि नाही किती?"

तेही सांगितलं. "ठीक आहे," घाऊकवाले म्हणाले. "आहे तेवढ्याला गाडी पाठवतो. निदान आज रिकामी फेरी नाही." त्यांनी फोन ठेवला, गोड बोलले नाहीत, पण गेलेही नाहीत.

मालक उठले, हात पुसले. चेहऱ्यावर थोडा ओशाळेपणा, थोडा सुटकेचा आनंद. मोठ्या मनानं काहीतरी द्यावं असं माणसाला वाटतं ना, तसे ते दिसत होते. "बाई," ते सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुमचं कायम झालंच समजा."

कोणीतरी टबातून कॅंडल काढता काढता थांबलं. ती हसली नाही.

"मी समजणार नाही, साहेब. आहे का नाही?"

मालकांचा चेहरा पडला. इतकं चांगलं बोलल्यावर असा प्रश्न येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "म्हणजे सही करायची राहिलीय. आज नाही."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे नाही. नाहीवर काम करता येतं, साहेब, समजावर नाही करता येत. महिना आज संपला; मुलीला सांभाळणाऱ्या मावशींचे गुडघे त्यानंतरही टिकतील असं मी समजत होते, आता समजणार नाही. पाळणाघरात जागा नाही, तर उद्यापासून मुलगी माझ्या टेबलापाशी बसेल." आणि ती वळून कामाला लागली.

सकाळी ती खरंच मुलीला घेऊन आली. आदल्या संध्याकाळी तिनं एक मोठं रिकामं खोकं निवडून ठेवलं होतं. त्याच्या सगळ्या पिना उपटल्या, कडांवर जुनी साडी शिवली, तळाला गोधडी घातली, आणि तरी बोट सगळीकडून दोनदा फिरवून बघितलं. मुलगी त्यात बसली, बाद कॅंडल हातात घेऊन खोक्याच्या भिंतीवर ढोल वाजवू लागली. काका भट्टी सोडून तीनदा पाणी प्यायला आले.

मालक आले तेव्हा ढोल जोरात होता. ते थांबले. खोक्याच्या कडेवरून त्यांच्याकडे दोन डोळे बघत होते, पापणी अजिबात न हलवता. मग मुलीनं कॅंडल त्यांच्यापुढे केली.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"आहे माल, साहेब," काका पाण्याच्या माठापाशी उभे राहून म्हणाले.

मालकांनी कॅंडल घेतली. परत द्यावी की खिशात घालावी ते कळेना, म्हणून हातात धरूनच केबिनमध्ये गेले. दार उघडंच राहिलं. आत ते खिशातली दोन्ही पेनं काढून कागदाच्या तुकड्यावर खरडून बघत होते, चालणारं कुठलं ते. मग त्यांनी फोन लावला.

"पाळणाघर का? एक जागा हवी होती... नाही, नाही." त्यांचा आवाज एकदम हळू झाला, म्हणजे राग आला होता. "समजा नको मला. आहे का नाही, ते सांगा."

तिनं मान वर केली नाही. तिच्या टेबलावरचा फोनही वाजत होता. तिनं तो उचलला, दुसऱ्या हातानं मुलीच्या तोंडातून गोधडीचा कोपरा काढला, आणि म्हणाली, "बोला. किती हव्यात? मागता किती ते नाही विचारलं. खरंच किती?"